गजाभाऊंचा गोंद

आमच्या शेजारच्या गजाभाऊंच्या गराजमध्ये तुम्ही चपला घालून शिरलात, तर त्या तुमच्याबरोबर बाहेर येतीलच याची खात्री नाही. जमिनीवर गोंद, भिंतीवर गोंद. दिवाळीत मी चिवड्याचा डबा टेबलावर ठेवला, तर डबा तिथेच बसला. झाकण तेवढं परत मिळालं.

गजाभाऊ मूळचे नागपूरचे. इथे अमेरिकेतल्या थंडगार ईडन प्रेरीत माझ्या नवऱ्याच्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. पन्नाशीचा एकटा जीव, आणि छंद काय, तर मशीनवर गोधड्या शिवायच्या! ओळखीत बाळ झालं की यांची गोधडी हजर. आता गोधडी म्हणजे वरचं कापड, मधे कापूस, खाली अस्तर. हे थर सरकू नयेत म्हणून आधी हाताने धावदोरा घालतात. गजाभाऊंना तेवढा धीर कुठला? ते स्प्रेचा गोंद मारतात आणि मग त्या स्प्रेशी भांडत बसतात.

"वहिनी, बग सापडला!" हे त्यांचं पालुपद. ऑफिसची सवय, दुसरं काय! स्प्रेच्या प्रत्येक डब्यावर तक्रारीची पट्टी चिकटवलेली. 'सुई चिकट होते.' 'धागा तुटतो.' 'थंडीत फवारत नाही, थुंकतो.' थुंकेल नाही तर काय? घरात वास कोंडतो म्हणून हे गृहस्थ जानेवारीत गराजचं दार सताड उघडं टाकून, कानटोपी आणि मास्क लावून फवारणी करतात. समोरच्या बाई येऊन विचारून गेल्या, ढेकूण झालेत का म्हणून.

"अहो, चार धावदोरे घाला ना," मी म्हणायची.

"काहून जी? हातानं करायचं तर मशीन कायले घेतली बाप्पा!"

यंदा मात्र हद्द झाली. एक गोधडी तीन आठवडे पुढे सरकेना. चिंध्यांवर नवनवे स्प्रे मारायचे, हुंगायचे. मलाही गारठ्यात उभं करून हुंगायला लावायचे.

"येतो का वास?"

"येतो."

"फेल!" की डबा कचऱ्यात.

सातव्या डब्याला माझं डोकं फिरलं. "गजाभाऊ, धुतल्यावर जातो हो वास! डब्यावर लिहिलंय. गोधडी न धुता वापरतं का कुणी?"

ते आत जाऊन झिपची पिशवी घेऊन आले. पिशवीत हिरवी सुती साडी होती.

"आईची आहे. गेली तेव्हा जाता नाही आलं मला. व्हिसाचे कागद अडकले होते. ताईला म्हटलं, शेवटची नेसलेली पाठव, धुऊ नको. गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळायची ना ती, त्याचा वास आहे. पण पिशवी उघडली की दरवेळी थोडा उडतो. म्हटलं, संपायच्या आत पांघरून तरी घेऊ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. किती ओरडले मी या माणसाला!

"उचला ती साडी," मी म्हणाले. "माझ्या हॉलमध्ये बसू. इथल्या गोंदाचा वासही लागायला नको तिला."

दोन रविवार आम्ही गालिच्यावर बसून धावदोरा घातला. त्यांचे टाके वेडेवाकडे, बोटं टोचून घेतलेली, पण एकदाही बग म्हणाले नाहीत. शेवटचा टाका झाला तसं त्यांनी साडी नाकाशी धरली. पुन्हा धरली. चेहरा उतरला.

"वहिनी, मले काही समजून नाही राहिलं. तुम्ही पाहा बरं. येतो का वास?"

त्यांच्या त्या उघड्या गराजच्या कृपेने माझं नाक आठवडाभर ठार चोंदलेलं होतं. मी त्या साडीच्या पदरात तोंड घालून चांगला लांब श्वास घेतला.

"येतो की! निलगिरीचा."

"मग पास," गजाभाऊ म्हणाले, आणि लहान मुलासारखे बाहीला डोळे पुसू लागले.