गाडीचा डावा डोळा

डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी घेताना निदान तिचे डोळे तरी तपासायला हवे होते, असं डॉक्टरांच्या बायकोचं म्हणणं होतं आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

गाडी जुनी, लाल, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की तिच्या छपरावर चहाचा कप ठेवायलाही वाकावं लागे. विकणारे गृहस्थ संगीतशिक्षक होते. "गाडी उत्तम आहे," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "बसायला काही त्रास नाही. उठणं मात्र आता मला झेपत नाही." डॉक्टरांनी इंजिनाला कान लावला, चाकांखाली वाकून पाहिलं, गंज नखाने खरवडला. दिवे बाहेरून दिसतच नव्हते. ते नाकाच्या दोन्ही बाजूंना झाकणांखाली मिटलेले असत आणि बटण दाबल्यावर वर येत. भर दुपारी दिवे कोण लावून बघतो?

संध्याकाळी घरी येताना डॉक्टरांनी बटण दाबलं. उजवं झाकण सावकाश उचललं गेलं आणि आतला दिवा लागला. रोज सकाळी पट्ट्या सोडून माणसांचे डोळे उघडणारा तो माणूस रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून श्वास रोखून पाहत राहिला. मग डावं झाकण अर्धवट वर आलं, त्याने जरा विचार केला आणि ते परत मिटलं.

त्यानंतर वर्षभर डॉक्टर गाडी सुधारत होते. छपराचं कापड नवीन आलं, सीटवर नवं कातडं चढलं, टायर बदलले. "गाडीचं छप्पर झालं," बायको म्हणाली, "आता बाथरूमच्या छपराचा नंबर कधी?" डावा डोळा मात्र मिटलेलाच राहिला. मेकॅनिकने तो उघडून पाहिला होता. "मोटर झिजली आहे. दुसरी मिळाली की आणा, बसवून देतो." दुसरी मिळायला दहा महिने लागले आणि ती मिळाली त्याच आठवड्यात सासऱ्यांचं प्रकरण हातघाईवर आलं.

सासरे निवृत्त परीक्षक. गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी चाचणी घेणारे. शहरातली निम्मी माणसं त्यांनी पास केली होती आणि उरलेली निम्मी त्यांना पाहून अजून पलीकडच्या फुटपाथवर जात. डॉक्टर जावई व्हायच्या कितीतरी आधी तीनदा नापास झाले होते आणि तिन्ही वेळा कारण एकच: हात थरथरतात. या करड्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू पिकला होता. खुंटीवरच्या रेनकोटाला ते "बसा" म्हणाले होते. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या एक समजून उतरले, पाय मुरगळला, तर म्हणाले जिनाच चुकीचा बांधलाय.

"बाबा, पंधरा मिनिटांचं काम आहे," डॉक्टर म्हणाले.

"थरथरत्या हातात मी कधी स्टिअरिंग दिलं नाही, जावईबापू. डोळा कसा देऊ?"

"अहो, तेव्हा ते तुम्हाला बघून थरथरायचे!"

"मग ऑपरेशनच्या वेळी मी कुठे बाहेरगावी असणार आहे?"

"दुसऱ्या डॉक्टरांकडे तरी चला," मुलीने विनवलं.

"म्हणजे लोकांनी म्हणायचं, जावई डोळ्यांचा डॉक्टर आणि सासरा परक्याच्या दारात!"

मुलीने कपाळावर हात मारला. "म्हणीतला आंधळा निदान एक डोळा मागतो तरी. आमच्याकडचा मागतही नाही."

सासऱ्यांनी शेवटी तोड काढली ती अशी. "वर्षभर ऐकतोय, गाडीचा एक डोळा उघडत नाही. आधी तिचा नीट करा, मग माझ्याकडे वळा. आणि मेकॅनिक नको. तुमच्या हातांनी."

रविवारी अंगणात गाडीचं ऑपरेशन झालं. सासरे खुर्ची टाकून बसले. त्यांना दिसत काही नव्हतं, पण कान टवकारलेले होते. मोटर बसली, वायरी जोडल्या गेल्या, एक उरलेली वायर डॉक्टरांनी मोकळ्या दिसलेल्या बोल्टला आवळली आणि बटण दाबलं. दोन्ही डोळे एकदम, जुळ्या भावांसारखे उघडले. बायकोने टाळी वाजवली. सासरे उठले, दोन्ही दिव्यांवरून हात फिरवून उंची ताडून पाहिली.

"बरं," ते म्हणाले. "उद्या. आणि हिच्यातूनच न्या. चालवून पाहिल्याशिवाय मी कुणाला पास करत नाही."

सोमवारी बायको बॅग घेऊन बसने पुढे गेली. सासऱ्यांना घडी घालून गाडीत बसवण्यात आलं. फाटकाशी डॉक्टरांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि समोर, भर उन्हात, डावा डोळा टुणकन उघडला आणि मिटला.

"काय वाजलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"खडा असेल, बाबा."

"हं."

डॉक्टरांना एकदम आठवलं. ती उरलेली वायर! ब्रेकशीच जुळली गेली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता ब्रेक दाबला की डोळा लवणार, म्हणजे ज्याच्यासाठी गाडी थांबेल त्याला ती डोळा मारणार. आणि हे सासऱ्यांना कळलं तर ऑपरेशन इथेच संपलं, म्हाताऱ्याला पुढचा जिना आंधळेपणानेच उतरायचा. ब्रेक न लावता दवाखाना गाठायचा, एवढाच मार्ग उरला.

डॉक्टर गिअर उतरवत, रस्त्याचा चढ हेरत निघाले. गाडी बैलगाडीच्या चालीने चालली.

"जावईबापू, ब्रेक आहे ना गाडीला?"

"आहे, बाबा."

"मग त्याच्याशी भांडण झालंय का?"

शाळेपुढे मुलांची रांग रस्ता ओलांडत होती आणि मध्यभागी करारी चेहऱ्याच्या बाई हात आडवा धरून उभ्या होत्या. इलाज नव्हता. ब्रेक. डोळा. बाईंचा हात तसाच हवेत राहिला आणि त्या खवळून "अहो!" म्हणाल्या. "परत! परत!" मुलं ओरडली. उतारावर गाडी सरकू लागली, म्हणून परत.

"पोरं का खिदळतायत?"

"लाल गाडी आहे ना, बाबा. आवडते मुलांना."

"लाल कसली! चिखलाच्या रंगाची आहे. पण तुमची हौस, मी बोलत नाही."

चौकात वाहतूक पोलिसाने हात दाखवला. गाडीने त्याला डोळा मारला. त्याने भुवया उंचावल्या. डॉक्टरांचा पाय घसरून पुन्हा दाबला गेला. गाडीने पुन्हा मारला. पोलीस शिट्टी तोंडातून काढून सावकाश चालत आला.

"काय साहेब? ड्यूटीवरच्या माणसाला डोळा मारता?"

"मी नाही हो, ते..."

"मग कुणी? तुमच्या गाडीने?"

तेवढ्यात पोलिसाचं लक्ष शेजारच्या सीटवर गेलं. तो ताठ झाला आणि रस्त्यावर उभ्या उभ्या त्याचा हात सीटबेल्ट लावायला खांद्याकडे गेला. "सर, तुम्ही?"

"यांना जाऊ द्या," सासरे म्हणाले. "चाचणी चालू आहे."

तिथून पुढे ते एक अक्षर बोलले नाहीत. डॉक्टरांनी मनातल्या मनात ऑपरेशन रद्द केलं, बायकोला काय सांगायचं ते जुळवलं आणि दवाखान्याच्या दारात, आता लपवायला काही उरलं नव्हतं म्हणून, सरळ ब्रेक लावला.

"उतरवा मला," सासरे म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हातांनी वर ओढून उभं केलं. म्हाताऱ्याने ते हात सोडले नाहीत.

"फाटकापासून माहीत आहे मला. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"परीक्षक बोलतो का मध्ये? सगळा रस्ता तुमची फजिती चालली होती. बाई खवळल्या, पोलीस आला, शेजारी मी. पण स्टिअरिंगवरचा हात एकदाही थरथरला नाही. थरथरला की गाडी सांगते, मला बघावं लागत नाही." त्यांनी हात सोडले. "पास. चला आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. सासऱ्यांनी आधी भिंत पाहिली, बराच वेळ, जणू तिच्यावर काही लिहिलं आहे. मग मुलीचा निळा स्वेटर पाहिला आणि त्याची बाही चिमटीत धरून ठेवली. मग जावयाकडे पाहिलं. "तुमचे केस कधी पांढरे झाले?" हे त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं.

बाहेर उन्हात गाडी उभी होती. सासरे पायरीवरच थबकले.

"ही लाल आहे," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"नाही, म्हणजे... ही *लाल* आहे." ते तिच्याभोवती फिरले, आणखी एकदा फिरले. टपावरून, नाकावरून, मिटलेल्या झाकणांवरून हात फिरवला. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांत बसून चुका शोधलेला तो माणूस देवळात उभं राहावं तसा उभा होता. मग त्यांनी घसा खाकरला आणि गाडीच्या बरोबर समोर जाऊन उभे राहिले.

"बसा आत, जावईबापू. ब्रेक लावा."

डॉक्टर बसले. ब्रेक लावला. गाडी शहाण्या मुलासारखी समोर बघत राहिली.

"परत."

काही नाही.

"काय झालं हिला?"

"बरी झाली, बाबा," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "काल दुपारीच मेकॅनिककडून वायर बदलून घेतली."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "म्हणजे पोरांना मारला, बाईंना मारला, पोलिसालाही मारला. मी एकटा शेजारी बसून राहिलो. आणि आता मला दिसायला लागलं तर ही बरी झाली?"

"अहो बाबा, ती दुरुस्ती..."

"माझा दुसरा डोळा बाकी आहे ना?"

"आहे. पुढच्या महिन्यात करू."

"मग आधी हिचा बिघडवा. मग माझ्याकडे वळा. आणि मेकॅनिक नको."

रविवारी अंगणात पुन्हा गाडीचं नाक उघडलं गेलं. आजवर हजारो डोळे सुधारलेला माणूस पहिल्यांदाच एक बिघडवायला बसला होता. बायको शेजारी पाना घेऊन वाकली होती.

"अरे," ती कुजबुजली, "हात का थरथरतायत तुझे?"

डॉक्टरांनी मान न वळवता मागे खूण केली. मागे खुर्ची टाकून सासरे बसले होते आणि या खेपेला त्यांना सगळं दिसत होतं.