भिकाजीपंत आणि वाफेची होडी

आमचे शेजारी भिकाजीपंत कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी चुलीवरच्या भांड्याची विचारपूस करत. सोवळं सांभाळून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि मान लांब करून विचारायचे, "वहिनी, वरणाचं झाकण कितपत उडतंय?"

आमची ही म्हणायची, "झाकणाचं राहू द्या भावोजी, तुमच्याशी बोलताना वरण उतू गेलं!"

हे वेड लावलं संगमावरच्या गोऱ्या साहेबाच्या मुनशीनं. विलायतेत म्हणे वाफेवर होडी चालते. ना शीड, ना वल्हं. दप्तरातले आम्ही सगळे कारकून हसलो. पंत मात्र तडक तांबट आळीत गेले आणि भलामोठा हंडा घडवून आले. पहिल्याच प्रयोगात त्याचं झाकण उडालं ते भिंत ओलांडून आमच्या भोपळ्याच्या मांडवावर. मी झाकण घेऊन भांडायला गेलो, तर पंत आनंदानं ओरडले, "अहो, इतक्या लांब? सिद्धांत पक्का, झाकण कच्चं!"

जाळ फुंकताना धोतर पेटलं, तेव्हाही धोतरच कच्चं ठरलं.

पण वेडाला कारण होतं. त्यांची लेक यमू नदीकाठच्या खराडीला दिलेली. आडावर घसरून पंतांच्या कुटुंबाची, म्हणजे आमच्या वहिनींची, कंबर गेली, म्हणून पोरीचं पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी झालं नाही. नातू चार महिन्यांचा झाला, पण सासरचे यमूला पाठवायचं नाव काढीनात. गाडीचा एक हिसका बसला की वहिनींच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मेणा तर सरदारांच्या घरचा. तेव्हा पंतांनी अंथरुणापाशी बसून शब्द दिला होता, "तुला पाण्यावरून नेतो. वाफेच्या होडीतून."

हंडा होता, वाफेनं फिरवायचं चाक होतं, होडी तेवढी नव्हती. भाद्रपद संपता संपता धोंडी नावाड्यानं एक जुनी होडी विकायला काढली. पंत मला पारखायला घेऊन गेले. मी एकदा कोकणात गलबतात बसलो होतो. बंदर येईपर्यंत ओकत होतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे आळीत दर्यावर्दी मीच.

होडी डाव्या कुशीवर कलली होती आणि त्याच कुशीत हातभर भेग. भेगेत कापूस आणि राळ भरलेली.

मी जाणत्याच्या थाटात फळी ठोकून विचारलं, "ही बुडत नाही ना रे?"

"न्हाई जी," धोंडी म्हणाला. "आजपातुर दोनदाच बुडाली."

पंतांनी हंडा आत चढवायला लावला. होडी आणखी कलली, भेग पाण्याखाली गेली आणि राळेतून पाणी झिरपू लागलं. हंडा उतरवला, होडी उचलली गेली, झिरपणं थांबलं. पुन्हा चढवला, पुन्हा पाणी. पंतांनी हंडा उजवीकडे सरकवून पाहिला, तर होडी उजवीकडून पाणी घेऊ लागली.

"घेऊ नका पंत," मी म्हणालो. "पुढच्या साली चांगली मिळेल."

"हिला ववझं पेलतं येवढंच," धोंडी म्हणाला. "दोन-तीन मानसं आन् मी. भांडं न्हाई झेपायचं."

पंतांनी हंड्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "हंडा घरी पाठव. होडी घेतली."

"अहो, आणि वाफ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नदी खराडीकडेच वाहते ना हो?"

एवढी साधी गोष्ट दर्यावर्द्याच्या डोक्यात आली नव्हती.

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं," ते हळूच म्हणाले. "पण वाफेवर नेईन म्हटलं, तेव्हा ती किती दिवसांनी हसली होती. म्हणून आपला हंडा तापवत बसलो. आता नातू पालथा पडायला लागलाय म्हणे."

"आणि परत कसं यायचं?"

"धोंडीला हात आहेत की!"

एवढं बोलून पंत होडीत उतरले आणि धोतर सावरून चक्क तळाशी उताणे झोपले. मला वाटलं, हंड्याचं दुःख अनावर झालं. मी त्यांना उठवायला वाकलो. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि एक हात कमरेखाली घालून ते फळीची कड चाचपत होते.

"धोंडी," ते पडल्या पडल्या म्हणाले, "इथं जरा रंधा मार. हिच्या कमरेला रुतेल."