गोठलेलं कार्ड आणि तात्यांची कवळी

रविवारी सकाळी बजाजनगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात डायनिंग टेबलाला हात लावायची सगळ्यांना बंदी झाली. बंदी ऋतुराजनं घातली होती, आणि ती कुणी मोडू नये म्हणून तो स्वतः बनियनवर, दातसुद्धा न घासता टेबलाशी राखण करत बसला होता.

"अहो, चहा कुठं ठेवू?" मंजुषानं विचारलं.

"ओट्यावर."

"पोहे?"

"ओट्यावर."

"मग कांदा कुठं चिरू? तुमच्या डोक्यावर?"

 ऋतुराजची नजर टेबलावरच्या तळहाताएवढ्या हिरव्या कार्डावर होती. कार्डातून एक वायर लॅपटॉपकडं गेली होती आणि दुसरी भिंतीतल्या प्लगकडं.

हे कार्ड भाकरीच्या मशीनचं होतं. वाळूजला शफीकभाईंचं छोटं वर्कशॉप होतं, आणि कॅन्टीनसाठी ज्वारीच्या भाकरी थापून भाजणारं मशीन तिथं तयार झालं होतं. त्यातलं लोखंड शफीकभाईंचं आणि कार्ड ऋतुराजचं. चांगली कंपनीतली नोकरी सोडून तो या कार्डामागं लागला होता. मशीन झकास चालायचं. फक्त अधूनमधून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तवा भलताच तापायचा आणि भाकरीचा कोळसा व्हायचा. बंद करून पुन्हा सुरू केलं की मशीन असं शहाण्यासारखं वागायचं, जणू आपण त्या गावचेच नाही.

सोमवारी कॅन्टीनवाले मशीन बघायला येणार होते. शफीकभाईंनी शनिवारी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "देखो ऋतुराज, चिपमध्येच खोट असंल तर तसं सांग. मग तुझं कार्ड ठेवू बाजूला, पुण्याहून तयार मागवू. दिल पे मत लेना."

ऋतुराजनं ते दिलपेच घेतलं होतं. चिपची चूक निघाली तर कार्ड जाणार होतं. स्वतःची चूक निघाली तर आपण जाणार, असं त्याला वाटत होतं. त्यातल्या त्यात कार्ड गेलेलं बरं, असा त्याचा कल होता. पण हे त्यानं मंजुषालाच काय, स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं.

आणि आज सकाळी ते घडलं. त्यानं कार्डावर डीबगर लावून ठेवला होता. डीबगर म्हणजे एका प्रोग्रॅमला वाटेत धरून त्याचे खिसे तपासणारा दुसरा प्रोग्रॅम. तव्याच्या उष्णतेचा आकडा वेडावाकडा झाला की जागच्या जागी थांबव, असं त्यानं बजावून ठेवलं होतं, आणि कार्ड नेमकं तिथं थांबलं होतं. चोर मुद्देमालासकट उभा होता. पण सगळा मुद्देमाल कार्डाच्या मेमरीत, आणि वीज आहे तोवरच तो शाबूत. प्लग निघाला की सगळं कोरं.

त्या आनंदात त्यानं एका हातानं शफीकभाईंना फोन लावला. फोनवर बोलताना त्याला घरभर हिंडायची सवय होती. तो "पकडला, शफीकभाई, पकडला!" म्हणत गॅलरीत जाऊन आला आणि दुसऱ्या हातानं कार्डाच्या डबीचे बारीक स्क्रू काढून एका भांड्यात टाकून मोकळा झाला.

"हात मत लगाने देना किसी को," शफीकभाई ओरडले. "मी आलोच."

ते येईपर्यंत ऋतुराजनं डीबगरमध्ये पाहून घेतलं, आणि त्याचा चेहरा उतरला. आकडा चुकीचा होता, पण तो चुकवणारा कुणीच दिसत नव्हता. बहुतेक चिपच. मनातून थोडं हायसं वाटलं आणि थोडं रडू आलं.

तेवढ्यात तात्यासाहेब आंघोळ करून आले. ऋतुराजचे वडील अजिंठ्याला शेतावर असायचे, कालच चार दिवसांसाठी आले होते. ते टेबलाशी थांबले, वाकले, आणि दातांशिवाय मऊ झालेल्या आवाजात म्हणाले, "मपली कवळी कुठं हाय?"

"इथं नाय, तात्या. टेबलाला हात नका लावू."

"अरं, आंघोळीला जाताना वाटीत पाणी घालून हितंच ठिवली व्हती. ह्या कोपऱ्यावर."

"मी आवरलं तेव्हा वाटी नव्हती," मंजुषा आतून म्हणाली.

"मंग काय दात चालत गेले काय?"

तात्यांनी लॅपटॉप उचलून खाली बघायचा बेत केला. ऋतुराजनं लॅपटॉपवर आडवा हात घातला. मग तात्या गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले. आता फक्त त्यांचे तळपाय बाहेर दिसत होते, आणि त्यातला एक प्लगच्या वायरीवर होता.

"तात्या, पाय! पाय उचला!"

"दोन्ही उचलू म्हंतोस का एक?"

त्याच क्षणी लाइट गेले. पंखा गरगरत थांबला. इन्व्हर्टरनं एक बारीक शीळ घातली आणि ओझं डोक्यावर घेतलं. कार्डावरचा दिवा लुकलुकला आणि पुन्हा स्थिर झाला. ऋतुराजचा जीव गेला आणि परत आला.

"फ्रीज बंद, पंखा बंद, मिक्सर लावायचा नाही," त्यानं जाहीर केलं. "इन्व्हर्टर फक्त कार्डाला."

"आणि चटणी?" मंजुषा म्हणाली.

"चटणी नको."

"कार्डच खा मग पोह्यांबरोबर."

शफीकभाई हेल्मेट काखेत घेऊन आले ते या वेळी. त्यांना टेबलाखालून निघालेले तळपाय दिसले. "कौन गिर गया?"

"कुणी नाय. तात्यांची कवळी हरवलीय."

"सलाम, तात्यासाहेब," शफीकभाई तळपायांना म्हणाले, खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून सोफ्यावर टाकली आणि बसले. "बोल, कोण सापडला?"

"सांगतो. पण आधी तात्यांना बाहेर काढायला पाहिजे, नाहीतर सगळंच जाईल." ऋतुराजनं कपाळ पुसलं. तात्या कवळीशिवाय हटणार नव्हते, आणि कवळी शोधायची एकच पद्धत त्याला त्या क्षणी सुचत होती. "सगळे ओळीनं उभे राहा. तात्या, तुम्हीपण."

"शाळा हाय काय?" तात्या म्हणाले, पण बाहेर आले.

"हे बघा. प्रोसेसरला हात थोडेच असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. एक काम चालू असताना मध्येच दुसरं आलं, की हातातलं खाली ठेवायचं, दुसरं उरकायचं, आणि ठेवलेलं परत हातात घ्यायचं."

"म्हणजे माझं रोजचंच की," मंजुषा म्हणाली.

"खाली ठेवायची जी चळत असते, तिला स्टॅक म्हणतात. आणि प्रत्येक कामाचा त्या चळतीत आपापला कप्पा असतो. जुनी वस्तू शोधायची तर शेवटच्या कामापासून मागं मागं जायचं. प्रत्येकाला विचारायचं, तू काय उचललंस आणि कुठं ठेवलंस? डीबगर हेच करतो."

"मंग आधीच इचारायचं नाय का," तात्या म्हणाले. "म्या कवाचा टेबलाखाली हाय."

शेवटी आलेले शफीकभाई पहिले. "मी फक्त पेपर उचलले. सोफ्यावर ठेवले. वाटी-बिटी नाही."

सोफ्यावरचे पेपर झटकले. दात नाहीत.

मग मंजुषा. "बंदी झाली तेव्हा मी टेबलावरचं सगळं परातीत भरलं. मग कणकेला परात लागली, म्हणून ते फ्रीजवर ठेवलं. बघा हवं तर." फ्रीजवर मिठाची बरणी, बिलं, एक कंगवा आणि तात्यांची तंबाखूची डबी होती. तात्यांनी डबी खिशात टाकली. दात नाहीत.

मग तात्या. "म्या ठिवली कोपऱ्यावर. गेलो आंघोळीला. खलास."

ऋतुराज विचारात पडला. तात्यांनी ठेवली, मंजुषानं आवरलं तेव्हा ती नव्हती. सगळ्यांचा हिशेब लागत होता, फक्त कवळी लागत नव्हती.

"मंग मधी कोण व्हतं?" तात्यांनी विचारलं.

"मध्ये कुणीच नव्हतं. मी एकटाच होतो."

"तू काय उचललं?"

"मी? मी कशाला काय उचलू? मी काम करत होतो."

हे तो इतक्या ठामपणे म्हणाला, की कुणी पुढं विचारलं नाही. शोध तिथंच अडला. शफीकभाईंना वेळ दवडायचा नव्हता. ते कार्डाकडं वळले. "चल, डबी लाव याला, नाहीतर धूळ बसंल. स्क्रू कुठंयत?"

"ते काय, भांड्यात."

शफीकभाईंनी लॅपटॉपमागून भांडं पुढं ओढलं. ती स्टीलची एक जुनी वाटी होती. तात्या जवळ आले. त्यांनी वाटी हातात घेऊन तिचा काठ उजेडाकडं धरला. काठावर बारीक अक्षरांत नाव कोरलेलं होतं: भागूबाई.

"ही तर तुझ्या आईची वाटी," तात्या हळूच म्हणाले. "हिच्याबिगर म्या कुठं जात नाय. हिच्यातच ठिवली व्हती."

ऋतुराजनं वाटीकडं बोट दाखवलं. 

"यात पाणी होतं?" ऋतुराजनं विचारलं.

"पाणी बी व्हतं, दात बी व्हते."

ऋतुराज उठला आणि गॅलरीत गेला. उरलेलं पाणी झाडांना घालायचं अशी मंजुषानं घराला शिस्त लावली होती, आणि फोनवर बोलतानासुद्धा त्याच्या हातानं ती पाळली होती. कढीपत्त्याच्या कुंडीत, ओल्या मातीवर, तात्यांची कवळी वरच्या फांदीकडं बघून हसत होती.

मंजुषानं पदर तोंडाला लावला. शफीकभाई "या अल्ला" म्हणून कठड्याला टेकले. तात्यांनी नुसता हात पुढं केला. दात हातात आल्याशिवाय रागवायचं कसं, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

ऋतुराज मात्र कुंडीकडं बघत तसाच उभा राहिला. "मी ओळीत नव्हतोच," तो म्हणाला.

"क्या?"

"मी उचललं, पण सांगितलं नाही. म्हणून सगळे धरून चालले, की मी हात लावलाच नाही." आणि तो टेबलाकडं धावला. वायरीवरून उडी मारून धावला, हे विशेष.

शफीकभाई त्याच्या खांद्यावरून वाकले. ऋतुराज एकेक कप्पा मागं जात बोलत होता. "हे भाकरी भाजायचं काम. त्यानं बोलावलं तवा तपासायच्या कामाला. त्यानं काय खाली ठेवलं, त्याची नोंद आहे. इथवर ठीक. त्या कामानं बोलावलं उष्णता मोजणारा सेन्सर पुन्हा वाचायच्या तुकड्याला. हा तुकडा मी हातानं लिहिलाय, पार प्रोसेसरच्या भाषेत. यात मी काय उचललं, कुठं ठेवलं, कसलीच नोंद नाही. नोंद नाही म्हणजे हात लावला नाही, असं डीबगर समजतो. म्हणून मागं जाऊनही मला तोच चुकीचा आकडा दिसत होता, आणि मी चिपला शिव्या घालत होतो."

"मग हात लावला होता?"

"लावला होता. ज्या रजिस्टरमध्ये तव्याचा आकडा होता, तेच मी वापरायला घेतलं. आधीचं कुठंच ठेवलं नाही. हा बघा, यात आता सेन्सरचा कच्चा आकडा बसलाय. पहिलं वाचन पटलं नाही, तरच हा तुकडा चालतो. म्हणून कधीतरीच कोळसा."

शफीकभाई सरळ झाले. ऋतुराजनं मान खाली घातली. आता काय ते एकदाचं होऊन जाऊ दे, असं त्याला वाटलं.

"म्हणजे चिप अच्छी है?"

"चांगली आहे."

"गलती तेरी?"

"माझी."

"पक्की तेरी?"

"पक्की."

शफीकभाईंनी त्याला खुर्चीसकट मिठी मारली. "मुबारक हो!"

"अहो भाईजान, यांची चूक निघाली म्हणून मुबारक?" मंजुषानं विचारलं.

"भाभी, चिप की गलती निघाली असती तर सगळी कार्डं भंगारात. याची गलती म्हणजे दोन ओळी. उचलायच्या आधी ठेवायचं, जाताना परत द्यायचं. है ना? कार्ड राहिलं, हा पण राहिला. उद्या कॅन्टीनवाले येऊ देत खुशाल. मी खाली जाऊन काहीतरी गोड आणतो."

 सकाळपासून ऋतुराज ज्याच्यापासून पळत होता, त्याच्याचसाठी कुणीतरी मिठाई आणायला निघालं होतं. लाइट आले. पंखा फिरला. त्यानं लॅपटॉपमध्ये सगळं साठवून घेतलं आणि कार्डाचा प्लग स्वतःच्या हातानं काढला.

तात्या मोरीत कवळी गरम पाण्यानं तिसऱ्यांदा धूत होते. तिथूनच ते म्हणाले, "तुज्या मशीनची भाकरी म्या उद्या खाऊन बघतो. ह्याच दातांनी. आता ती वाटी दे हिकडं, पाणी घालून."

"देतो, तात्या," ऋतुराज म्हणाला. त्यानं वाटी उचलली, आणि भारावलेल्या मनानं, सवयीनं, ती रिकामी करायला गॅलरीकडं निघाला.

"आधी आत बघा!" मोरीतून, ओट्यापासून आणि जिन्यावरून एकदम तीन आवाज आले.

त्यानं बघितलं. स्क्रू होते.