त्रेचाळीस बोकडं

शुद्धलेखन चुकलं तर पोटात घाला, आणि शब्द साधेच आहेत त्याचीही माफी असावी. लिहिणाऱ्याची शाळा नववीत सुटली. ज्याची ही हकिगत आहे, त्या काटेवाडीच्या हारिसचीही नववीतच सुटली. म्हणून त्याला हसायचं ते जरा जपूनच.

हारिसच्या घरी जुना कॉम्प्युटर आला आणि त्यात तिघांचे कागद एकत्र झाले. अब्बांचे म्हणजे फकीरभाईंचे शेळ्यांच्या लसीचे आणि विम्याचे कागद, बायको फरहीनची सर्टिफिकिटं आणि हारिसच्या मोटारसायकलचं कायकाय. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सगळ्यांची पीडीएफ करून दिली होती. नावं मात्र ‘स्कॅन १’ ते ‘स्कॅन ४३’.

फडताळात जसा ज्याचा त्याचा कप्पा, तसं इथंही करता येईल का? हारिसला हा प्रश्न दोन दिवस गप्प बसू देईना. अब्बांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या कागदावर बोकडाचं चित्र दिसलं की काम झालं!

त्याने नेटवरून फायलींवरची चित्रं बदलायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. चित्रासाठी नवाब नावाच्या बोकडाचा फोटो निवडला. त्यात नवाबचं तोंड बादलीत अडकलेलं होतं. (तो हलला नाही असा तेवढाच फोटो होता.) मग अब्बांच्या एका कागदावर क्लिक केलं.

सॉफ्टवेअरने विचारलं, या प्रकारच्या फायलींना हेच चित्र? हो. कायम? हो. उघडायच्या कशात? अब्बा शेळ्यांचे व्हिडिओच बघतात, म्हणून त्याने व्हिडिओ प्लेअर निवडला. (तेही कायम.)

दुपारी फरहीन नर्सिंगचा फॉर्म भरायला बसली. शेवटची तारीख आजची, वेळ पाचपर्यंत.

“अवो, माझी मार्कलिस्ट कुठंय?”

“तितंच हाय की.”

“हितं नुसती बोकडं हायत!”

हारिसने वाकून बघितलं. त्रेचाळीस बादल्या, त्रेचाळीस नवाब. एकावर क्लिक केलं तर काळी चौकट उघडली आणि खाली अक्षरं आली: ही फाईल चालवता येत नाही.

“मी अब्बांचीच बदलली व्हती,” हारिस पुटपुटला.

“त्याला काय ठावं अब्बा कोन आन् मी कोन? त्याला पीडीएफ तेवढी कळती!”

अब्बा दारातून डोकावले. “आपला नवाब! सगळीकडं नवाबच! शाब्बास रं पोरा.”

“अब्बा, माझं एक वरीस जातंय,” फरहीन म्हणाली. खरी मार्कलिस्ट माहेरी, कळसला. घड्याळात सव्वाचार. हारिसने दुकानदाराला फोन लावला आणि पहिल्याच रिंगला कापला. (गिऱ्हाईक असेल त्याच्याकडं.)

फरहीन स्क्रीनकडे टक लावून बसली होती. मग तिने एक नवाब माऊसने धरला आणि जिथे फॉर्म उघडला होता, त्याच्या शेजारच्या रिकाम्या पानावर ओढून सोडला. कागद उघडला!

“लस टोचल्याचा दाखला,” हारिस वाचू लागला. “शेळी, रंग काळा...”

“ती लंगडी!” अब्बा खुर्ची ओढून बसले. “पुढली दाव.”

“अब्बा, घाई हाय!”

“व्हय, पन दाव तर.”

एकेक बोकड ओढायचं, कागद बघायचा, बाजूला सारायचा. अब्बा प्रत्येक शेळीची खुशाली सांगत होते. एकतिसाव्या नवाबातून मार्कलिस्ट निघाली तेव्हा पाचला दहा कमी होते. पाचला चार कमी असताना ‘अर्ज मिळाला’ असं आलं. फरहीनने एकदाच हारिसकडे बघितलं. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून तो गुपचूप कॉम्प्युटरसमोर बसला. बोकडं गेली होती. फरहीनने रातोरात सगळ्या पीडीएफ पहिल्यासारख्या करून तीन फोल्डर बनवले होते. फोल्डरचं चित्र एकेकट्याचं बदलता येतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. अब्बांच्या फोल्डरवर लंगडी शेळी होती, तिच्या फोल्डरवर नर्सची टोपी.

तिसऱ्यावर नाव हारिसचं होतं आणि चित्र बादलीत तोंड अडकलेल्या नवाबाचं.

चित्र कसं बदलायचं ते हारिसला आता येत होतं. त्याने माऊस हातात घेतला, स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं, माऊस जागेवर ठेवला आणि नवाबला पाणी पाजायला बादली घेऊन गेला.