बंब आमचा, नळी त्यांची

"शाश्वत विकासाची सुरुवात शेजाऱ्यापासून होते," असं नगराध्यक्ष भाऊंनी भर सभेत जाहीर केलं आणि शेजारच्या गावाशी मिळून एक अग्निशामक बंब घेऊन टाकला. शेजारच्या नगराध्यक्षा म्हणजे भाऊंच्या विहीणबाई. भाऊंची लेक त्यांच्याकडे दिलेली. तेव्हा कुणाला उणं वाटू नये म्हणून वाटणी अगदी काटेकोर झाली. बंब आणि ड्रायव्हर भाऊंकडे, नळी आणि नळीवाला विहीणबाईंकडे. आग लागली की सगळ्यांनी एकत्र यायचं. नाही लागली तर प्रश्नच मिटला.

आग लागली. तीही भाऊंच्या लाडक्या खतप्रकल्पात, आणि ज्या शाश्वत गाव पुरस्कारासाठी त्यांनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं, त्याची समिती समोर उभी असताना. खताचा ढीग आतून कसा तापतो, हे भाऊ रंगवून सांगत होते. ढिगाने ते फारच मनावर घेतलं.

"धूर येतोय," समितीचे मुख्य साहेब म्हणाले.

"वाफ आहे, साहेब. निरोगी ढीग असाच श्वास घेतो."

निरोगी ढिगाने एक ज्वाळा सोडली.

बंब लगेच आला. पोट तुडुंब भरलेलं, पण सोंडच नाही, अशा हत्तीसारखा उभा राहिला. भाऊंनी बाजूला जाऊन फोन लावला.

"विहीणबाई, जरा नळी पाठवता का?"

"आज बरी आठवण झाली आमची. सूनबाई म्हणतच होत्या, बाबांना हल्ली सवड नसते."

"तसं नाही हो. ढीग पेटलाय."

"अगंबाई, मग ते आधी सांगायचं. आलेच."

विहीणबाई नळी आणि नळीवाल्यासकट आल्या. नळी जोडून झाली, पण हुकूम कोणी द्यायचा?

"द्या तुम्ही," भाऊ म्हणाले.

"छे, गाव तुमचं, आग तुमची."

"पण नळी तुमची. मान तुमचाच."

मागे शेडचे वासे तडतडू लागले होते. शेवटी विहीणबाईंनी पदर खोचला आणि नळीवाल्याला बजावलं, "मी बोट दाखवीन तिकडे मारायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

भाऊंनी ड्रायव्हरला खूण केली. पंप घरघरला. तेवढ्यात साहेबांनी कौतुकाने विचारलं, "दोन गावांत मिळून एक बंब, ही कल्पना मुळात कुणाची?"

विहीणबाई दुसऱ्याचं श्रेय लाटणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी लगेच भाऊंकडे बोट दाखवलं. भाऊ समितीच्या मधोमध उभे होते.

नळीवाला अत्यंत आज्ञाधारक माणूस होता.

उरलेल्या पाण्यात आगही विझली. ओलेचिंब भाऊ चिखलातून उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "साहेब, एकट्याने जे कधीच साधलं नसतं, ते आज दोन गावांनी मिळून करून दाखवलं."

"दिसलं ते," चष्म्यावरचं पाणी झटकत साहेब म्हणाले. "पुरस्काराचं नंतर बघू. तुमच्या दोन गावांत मिळून एखादा कोरडा टॉवेल निघेल का?"