शेणाला नावं ठेवू नयेत

इंग्रजीतला कुठलाही शब्द विचारा, अर्थ सांगते! खोडदच्या आमच्या आळीत बी.ए. इंग्लिश झालेली मी एकटीच. (आरोही आत्ताच झोळीत झोपलीये. तिच्या पापण्या हलायच्या आत सगळं सांगून टाकते.)

तर आमचे मामा, म्हणजे सासरे, भिमाजीराव. बैलगाडा शर्यतीसाठी त्यांनी नारायणगावच्या बाजारातून दहा पिवळेधमक टी-शर्ट आणले. छातीवर रागीट बैल, खाली ठसठशीत इंग्रजी शब्द.

"सूनबाई, काय लिवलंय गं?"

वाचलं. बुलशिट! माझे कान तव्यासारखे तापले. पटकन मोबाइलमध्ये पाहिलं. अर्थ : निव्वळ थापा, तोही शिवीच्या वळणानं. मूळ : कुणी म्हणतं बैल, कुणी म्हणतं फसवणुकीचा जुना फ्रेंच शब्द. आता काय सांगू? सासऱ्यांसमोर मी साधं 'च्यायला' म्हणत नाही, ही तर परदेशी शिवी!

म्हणून निम्मंच खरं सांगितलं. "बैलाचं शेण, मामा."

"आन् मंग! शेन म्हंजी लक्ष्मी! लई भारी नाव!"

माझा नवरा सुदर्शन तोंडात टॉवेल कोंबून गोठ्यात पळाला.

शर्यतीला प्रमुख पाहुणे होते दादाभाऊ, इंग्रजी शाळेचे अध्यक्ष. त्यांच्याच शाळेत माझा नोकरीचा अर्ज पडून होता! आरोही झाल्यापासून मी पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं होतं. दादाभाऊंनी माइक धरला.

"आपली शाळा तालुक्यात एक नंबर! पुढल्या साली इमानतळासारखी इमारत बांधनार!"

मामांना गहिवरूनच आलं. मूठभर भंडारा उधळून ते ओरडले, "बुलशिट!"

मागून नऊ पिवळे टी-शर्ट गरजले, "बुलशिट! बुलशिट!"

बैल बुजले. गाड्यापुढं पळणारी घोडी उधळली. शाळेच्या दोन मॅडम रुमालात तोंड लपवून गदगदा हलत होत्या. मी आरोहीच्या टोपड्यामागे! गेली नोकरी, पुसली पाटी!

दादाभाऊंच्या भुवया टोपीला टेकल्या. "भिमाजी, काय म्हनतोस रं मला?"

"शेन! लक्ष्मी म्हनतोय, दादा! आमच्या सूनबाईनं, साधनानं, अर्थ सांगितलाय. बी.ए. इंग्लिश हाय ती!"

दादाभाऊ लोण्यासारखे विरघळले. "असली हुशार पोरगी शाळंत पायजेच! सोमवारपासनं ये गं."

मिळाली की हो नोकरी! सोमवारी नवी साडी नेसून गेले. पहिलंच काम हातात पडलं : गॅदरिंगच्या कमानीवर, दादाभाऊंच्या फोटोखाली, तोच शब्द लिहायचा. सुवाच्य अक्षरात. चमकी लावून!

बाकीच्या मॅडम म्हणाल्या, "अर्थ तुम्ही सांगितलात, तुम्हीच निस्तरा."

"अगं, सांगून टाक ना खरं," सुदर्शनही म्हणतो.

कसं सांगू? दादाभाऊ मामांचे चुलतभाऊ. म्हणजे नात्यानं माझे सासरेच!

चमकी मात्र छान चिकटलीये.