कठड्याच्या अलीकडचे साळवे काका

साळवे काका प्रेक्षकांत हेल्मेट घालून बसतात. त्यांची मुलगी रूथ मोटोक्रॉसच्या शर्यतीत उतरते. तिने हेल्मेट घालावं हे कुणालाही पटेल. पण काका वर, कठड्याच्या मागे, चांगल्या मागच्या रांगेत बसूनही हेल्मेट घालतात. शिवाय गुडघ्यांना पॅड, नाकावर मास्क आणि कानांत कापसाचे बोळे. एकदा मागच्या गृहस्थांनी, हेल्मेटमुळे काही दिसत नाही, अशी तक्रार केली. काकांनी त्यांना आपलं जादा हेल्मेट देऊ केलं.

काका मूळचे नगरचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बरीच वर्षं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्तीनंतर गाझियाबादला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले. ऑफिसातली आगीची ड्रिल त्यांच्याकडे असायची. बाकीच्यांना ती उन्हात उभं राहण्याची शिक्षा वाटे, काकांनी मात्र ती फारच मनावर घेतली. लग्नाच्या जेवणातसुद्धा ते आधी बाहेर पडायचं दार बघतात, मग जिलबी.

अशा माणसाच्या पोटी रूथ जन्मली. बंद स्टेडियममध्ये ट्रकच्या ट्रक माती ओतून टेकाडं करतात आणि त्यांवरून ही पोरगी मोटरसायकल उडवते. मागच्या चाकातून ढेकळं उडतात, छताखाली धूर कोंडतो, आवाजाने छाती हादरते. काकांनी तिला कधी अडवलं नाही. त्यांचा सगळा जोर आमच्यावर. "आपण बघायला आलोय, लागून घ्यायला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या हिवाळ्यात नोएडाकडच्या शर्यतीला मी आणि माझ्या सासूबाई जाणार म्हटल्यावर काकांनी आधी आमची ड्रिलच घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं आणि कुंड्यांमधली ओली माती आमच्या अंगावर फेकायला सुरुवात केली. ढेकूळ आलं की नुसती मान वाकवायची नाही, अख्खं खाली बसायचं. कठड्यावर कोपर टेकायचं नाही, पर्स ठेवायची नाही, आणि काही झालं तरी पलीकडे पाय टाकायचा नाही. मला तीन ढेकळं लागली. सासूबाई पंचाहत्तरीच्या, पण त्यांनी एकही लागू दिलं नाही. काकांनी त्यांना "बिल्कुल परफेक्ट" म्हटलं, तेव्हापासून त्या माझ्याकडे जरा वरूनच बघायला लागल्या.

शर्यतीच्या दिवशी सासूबाईंनी पिशवीतून ताम्हन काढलं. दिल्लीत परीक्षेला निघालेल्या पोरांनासुद्धा त्या ओवाळतात, मग रूथला कशा सोडतील? काका दर रविवारी चर्चला जाणारे, पण औक्षणाला त्यांची काही हरकत नव्हती. हरकत होती निरांजनाला. पेट्रोलच्या टाकीशेजारी तुपाची पेटती वात बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. बरीच घासाघीस झाली. शेवटी दिवाळीच्या माळेतला सेलवरचा दिवा ताम्हनात ठेवायचं ठरलं. देवाला सेल चालतो का, असं सासूबाई पुटपुटल्या. देवाचं माहीत नाही, पेट्रोलला चालतो, असं काका म्हणाले. नारळ फोडायला परवानगी मिळाली, पण लांब पार्किंगमध्ये आणि सासूबाईंच्या डोळ्यांवर रूथचा गॉगल चढवून. येणारे-जाणारे फोटो काढत होते.

शर्यत सुरू झाली. रूथ दुसरी होती, मग पहिली झाली. शेवटच्या फेरीत मोठ्या टेकाडावरून उडाली आणि उतरताना पुढचं चाक वाकडं पडलं. गाडी एकीकडे, ती एकीकडे. ती हलेना.

सगळं स्टेडियम उभं राहिलं. लोक मोबाइल घेऊन कठड्याला भिडले. मी बघते तर सासूबाई खाली पोचलेल्या, नऊवारी सावरून एक पाय चक्क कठड्यावर! काकांनी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"आजी, मागून गाड्या येतायत. त्यांना जाऊ द्या."

आवाज अगदी ऑफिसातला. ट्रॅकवरच्या माणसांनी पिवळे झेंडे हलवले, मागच्या गाड्या रूथला वळसा घालून गेल्या, मग स्ट्रेचर आलं. काका तेवढा वेळ जागचे हलले नाहीत. नंतर जिन्याने, पास दाखवून, पुढच्या माणसाला "एक्सक्यूज मी" म्हणत खाली ट्रॅकवर गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. पोटची पोर मातीत पडलीय आणि हा माणूस रांगेत उभा!

रूथच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, बाकी ठीक होती. हॉस्पिटलमधून निघालो तेव्हा अजून उजेड होता. गाडी मी चालवत होते, काका शेजारी. मागे सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रूथ औषधाच्या गुंगीत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, तुम्हाला धावत जावंसं वाटलं नाही?"

काकांनी मागे वळून रूथकडे बघितलं.

"हिची आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची," ते म्हणाले. "नंतर कित्येक महिने रात्री उठायची आणि माझ्या नाकापुढे हात धरून बघायची, श्वास चालू आहे का. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचो. शेवटी तिला शब्द दिला, की मला काही होणार नाही. ती पडेल, उठेल. मला पडून चालत नाही."

माझा राग कुठच्या कुठे गेला. पुढे सिग्नल होता, मी गाडी थांबवली.

मागून गुंगीतला, जड आवाज आला. "पप्पा, बेल्ट लावलाय ना?"

"लावलाय, बेटा," काका म्हणाले. "झोप तू."